पुस्तकाखालचे रबरी बूट

१

शुक्रवारी सकाळी माझ्या मेहुणीच्या स्वयंपाकघरात, जेवणाच्या टेबलावर, एक प्रेत सापडलं. जखम नाही, रक्ताचा थेंब नाही. शेजारी गार झालेला चहा आणि उघडा लॅपटॉप. प्रेत लॅपटॉपमध्ये होतं. ऐन भरात आलेलं एक पुस्तक, डोळे मिटून पडलेलं.

खून मी पुष्कळ पाहिलेत. एका प्रकरणात तर मेलेल्यानेच मला खुन्याचं नाव सांगितलं होतं, वर चहाही पाजला होता. पण तो किस्सा आणखी एकदा सांगितला तर पुढचा खून माझा होईल, अशी बायकोची ताकीद आहे. तेव्हा ही हकिकत घडली तशीच सांगतो. फार तर कडेकडेने थोडं मीठमसाला.

मेहुणी म्हणजे बायकोची पाठची बहीण. केस पांढरे झाले तरी सगळ्यांची ‘धाकटी’च. उभी हयात तिने लिफ्ट तपासण्यात घालवली. कुठला दोर झिजलाय, कुठला दरवाजा खोटं बोलतोय, हे तिला नुसत्या आवाजावरून कळायचं. निवृत्त झाली आणि रहस्यकथा लिहायला बसली. प्रकाशकांचे उंबरे झिजवायचे नाहीत असं ठरवून पुस्तकं स्वतःच काढली आणि इंटरनेटवरच्या एका अजस्र दुकानात स्वतःच मांडली. साबणापासून शिडीपर्यंत सगळं विकणारं दुकान. त्याच्या एका कोपऱ्यात पुस्तकं, फोनवर वाचायची. ‘बंद लिफ्टमधला पाहुणा’ हे तिचं दुसरं.

“हे बघा, भाऊजी,” तिने विक्रीचा आलेख माझ्यापुढे सरकवला.

पहिले दोन महिने रेघ जिना चढावा तशी पायरी पायरीने वर गेली होती. मग एका रविवारी एकदम मनोरा. आणि मनोऱ्यानंतर सपाट. एखाद्याने गच्चीवरून उडी मारावी तशी रेघ खाली आलेली आणि तिथेच आडवी पडलेली.

“तीन आठवडे झाले. एक प्रत खपली नाही.” धाकटी हे अशा आवाजात म्हणाली, की मी टोस्ट खाली ठेवला. “त्या रविवारी लोकांनी घेतलं, वाचलं, एकमेकांना सांगितलं की बाबांनो, या वाटेला जाऊ नका. दुसरा अर्थ काय? परवा रविवारी संध्याकाळी मी हे दुकानातून उतरवणार. आणि तिसरं लिहून झालंय ना, ते बाहेर काढतच नाही. नसते उद्योग!”

तेवढ्यात तिचा नवरा, म्हणजे माझा साडू, आत आला. याचं चष्म्याचं दुकान आहे. आयुष्यभर लोकांना ‘हे दिसतं का, ते दिसतं का’ विचारून शब्द संपले असावेत, कारण घरी तो दोनच शब्द बोलतो. ‘हं’ आणि ‘बरं’. रविवारी पहाटे हवा खायला गावाबाहेर जातो आणि रिकाम्या हाताने परत येतो, एवढीच त्याची चैन. त्याने बायकोकडे पाहिलं, आलेखाकडे पाहिलं, “हं” म्हणाला आणि दुकानात गेला.

आमची बायको इतका वेळ खिडकीपाशी उभी होती. तिची ओळख नीट करून देतो, कारण गोष्ट तिची आहे. शहरातल्या सगळ्यांत मोठ्या वाचनालयात कुठलं पुस्तक कुठल्या फडताळात जाणार, हे ठरवणारी ती. एकदा एका मंत्र्याचं आत्मचरित्र तिने ‘कल्पित’मध्ये लावलं आणि मंत्री पडेपर्यंत हलवलं नाही. (हे खरं आहे. बहुतेक.)

तिने चष्मा लावला, पडद्यावर बोट फिरवलं आणि म्हणाली, “हे मेलेलं नाही. चुकीच्या फडताळात गेलंय. ठेवलं कोणी, एवढंच शोधायचंय.”

“ताई, उगाच धीर देऊ नकोस.”

“धीर कसला देतेय? खाली वाच.”

पुस्तकाच्या चित्राखाली दुकानाने एक रांग मांडली होती. ‘हे पुस्तक घेणाऱ्यांनी हेही घेतलं.’ पूर्वी तिथे इतर रहस्यकथा असायच्या. आता होते गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. शेजारी घडीची खुर्ची, मोठा थर्मास, रुंद काठाची टोपी.

आणि शेवटी, झाकणाला भोकं पाडलेला, गांडुळं ठेवायचा डबा.

२

पहिला संशय पुतणीवर. साडूच्या भावाची मुलगी. एका बूट-चपलांच्या कंपनीत आकड्यांचं काम करते. दुकानाच्या खात्याची किल्ली धाकटीच्या खालोखाल तिच्याकडेच. शिवाय मला तिच्या कंपनीचा धंदा आठवला आणि अंगावर काटा आला. बूट!

“भाऊजीकाका, आमची कंपनी रबरी बूट करत नाही,” धाकटीच्या घरी येताच ती म्हणाली. “आणि माझ्याच काकूचं पुस्तक मी का बुडवीन?”

“शोधशब्दांवरून तुमचं कडाक्याचं वाजलं होतं, असं ऐकतो.”

“वाजलं होतंच! मला ‘थरारक’ घालायचं होतं, काकू म्हणाली, थरारक तर सगळेच म्हणवतात. तिने घातलं ‘बंद जागेतला खून’, ‘लिफ्ट’, ‘म्हातारी गुप्तहेर’. आणि खरं सांगू? ती जिंकली. कोणी दुकानात येऊन ‘चांगलं पुस्तक द्या’ असं शोधत नाही. मनात जे घोळत असतं ते शोधतं. पहिल्या दोन महिन्यांतले वाचक त्या शब्दांनीच आले. काकूसारखी शोधशब्द लावणारी बाई मी आमच्या कंपनीत पाहिली नाही.” हे सांगताना तिची मान अशी ताठ झाली, की जणू शब्द तिनेच लावले होते.

यालाच ही मंडळी मेटाडेटा म्हणतात. माणूस वेगळा आणि शेजारी त्याच्याबद्दल जे सांगतात ते वेगळं. तसं पुस्तक वेगळं आणि दुकान त्याच्याबद्दल जे जाणतं ते वेगळं.

बायकोने एकेक रकाना तपासला. विभाग तोच, शोधशब्द तेच, वर्णन तेच. कोणी बोटसुद्धा लावलेलं नव्हतं.

“आणि तो तुझा नियम?” बायकोने विचारलं.

नियम सगळ्या नात्यात गाजलेला होता. पुस्तक आलं त्या दिवशी पुतणीने सगळ्यांना बसवून बजावलं होतं. घरच्यांनी विकत घ्यायचं नाही, नातेवाइकांनी नाही, शेजाऱ्यांनी नाही. दुकानाला वाचक ओळखू द्यायचे, नाती नाही. माझी आत्या त्यावरून अजून रुसलेली आहे. साडू तेवढा ‘बरं’ म्हणाला होता.

“सगळ्यांनी पाळला, मावशी. मी एकेकाला विचारलंय.”

“मग माझ्या खात्यात कोणी शिरलंच नाही, तर खून झाला कसा?” धाकटी चिडून म्हणाली.

“बाहेरून,” बायको म्हणाली. “बंद लिफ्टमध्ये माणूस मरतो तेव्हा तू आधी काय बघतेस?”

धाकटी हळूच म्हणाली, “बाहेर बटण कोणी दाबलं, ते.”

३

बटण दाबणारा कोण, हे मला तिथल्या तिथे कळलं. रहस्यकथा लिहिणारा आणखी एक जण याच शहरात राहतो. स्वतःला ‘सम्राट’ म्हणवतो. तोही स्वतःची पुस्तकं स्वतः काढतो आणि धाकटीचं पहिलं पुस्तक आलं तेव्हा ‘बायकांना खून जमत नाहीत’ असं म्हणाला होता. त्यावर आमची बायको एवढंच म्हणाली होती, “तुमच्या सौभाग्यवतींचा संयम मोठा.”

सम्राटाने दार उघडलं ते गाऊनमध्ये. मी थेट मुद्द्यावर आलो.

“सम्राट, खेळ संपला.”

“बसा,” तो म्हणाला. “मी खून केला असता तर तुम्ही माझ्या दारात उभे नसता. मी पुरावे ठेवत नाही. माझी बावीस पुस्तकं साक्ष आहेत.”

“त्यांतल्या अठरांत खुनी माळी आहे,” बायको म्हणाली.

“सतरांत!” सम्राट दुखावला. मग खांदे पाडून खुर्चीत बसला. “बाई, मला कशाला छळता? माझंच दिवाळं वाजलंय. तुमच्या बहिणीच्या पुस्तकाखाली दुकान माझी पुस्तकं दाखवायचं, माझ्याखाली तिचं. तिच्या वाचकांतले निम्मे जिना उतरून माझ्याकडे यायचे. आता तिथे काय दिसतं? बूट! माझी विक्री तेव्हापासून लंगडतेय.”

“तुमच्या वाचकांनी तिला वाईट शेरे दिले असतील,” मी म्हटलं.

“एक तरी दाखवा! गेल्या तीन आठवड्यांतले शेरे मी रोज वाचतो. शत्रूचे शेरे वाचणं हे लेखकाचं आद्य कर्तव्य आहे.” त्याने फोन पुढे केला. “सगळे पाच ताऱ्यांचे. पण भाषा बघा. ‘माल उत्तम.’ ‘वेळेवर पोचलं.’ हा तर कळसच: ‘वजनाला हलकं, पॅकिंग मजबूत.’ फोनवरच्या पुस्तकाला पॅकिंग? बाई, मी द्वेष जाणतो. खोटी स्तुतीही जाणतो, काही मी स्वतःच लिहिली आहे. हे दोन्ही नाही. हे लिहिणाऱ्यांनी आयुष्यात पुस्तकावर शेरा लिहिलेला नाही.”

बायकोने ते शेरे दोनदा वाचले आणि पहिल्यांदाच हसली.

“सम्राट, तुम्ही सुटलात. अजून एक विचारू? पुस्तक तुम्हाला कसं वाटलं?”

त्याने उठून पडद्याची झालर सारखी केली. मग घोगऱ्या आवाजात म्हणाला, “मला खुनी ओळखता आला नाही. बावीस पुस्तकांनंतर, मला! तिला सांगू नका.”

जिना उतरताना मी म्हटलं, “आता उरला एकच माणूस. गांडुळं कोणाच्या घरी असतात, ते मला माहीत आहे.”

४

मुखपृष्ठ काढणारी चित्रकारीण तिच्या इमारतीच्या गच्चीवर बाग करते. आम्ही पोचलो तेव्हा तिच्या पायात रबरी बूट होते, डोक्यावर रुंद काठाची टोपी. मी बायकोला कोपराने ढोसलं. बायकोने मला तिप्पट जोरात ढोसलं.

“तुमचं आणि धाकटीचं बिनसलं होतं,” मी सुरुवात केली.

“अहो, बिनसणार नाही तर काय! सात वेळा मुखपृष्ठ परत पाठवलं बाईंनी. इतकी सुंदर अंधारी लिफ्ट काढली होती मी. म्हणाल्या, फोनच्या पडद्यावर चित्र टपालाच्या तिकिटाएवढं दिसतं, त्यात अंधारात अंधार दिसेल. शेवटी एक पिवळी फट ठेवली, तिच्यात बुटाचं टोक. बास.” तिने हाताची माती झटकली. “आणि मग काय झालं माहितेय? शंभर मुखपृष्ठांत ते एकच दिसतं. आता मी सगळ्यांना तेच दाखवते. म्हणते, हे माझं!”

“ते राहू द्या. गांडुळं कुठून घेता?”

“घेते? मी विकते! कोणी गांडुळं घेताना दिसलं तर माझा पत्ता द्या.”

माझा तपास असा मातीत गेला. पण बायको कुंड्यांमधून सावकाश फिरत होती.

“या बागेसाठी इंटरनेटवरून तुम्ही काय काय मागवता?”

“बी, खुरपी, झारी, पाइप. कीड पडली तर औषध.”

“खुर्ची?”

“बसायला वेळ कोणाला आहे इथे!”

बायको कठड्याला टेकून उभी राहिली. चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक सापडल्यावर तिचा चेहरा व्हायचा तसा झाला होता. वाचनालयात त्या चेहऱ्याला शिपाईसुद्धा घाबरत.

“अहो, आपण रांगेत काय आहे तेच बघत बसलो. काय नाही ते बघा. खुरपं नाही, बी नाही, झारी नाही. गांडुळं आहेत आणि माती नाही. बूट आहेत म्हणजे ओल आहे. टोपी आहे म्हणजे ऊन आहे. खुर्ची आणि थर्मास आहे, म्हणजे हा माणूस हलत नाही. एका जागी, उन्हात, ओल्यात, तासन्‌तास बसतो. आणि गांडुळं जवळ ठेवतो.”

मी विचार केला. मला फक्त बगळा सुचला.

“बगळा थर्मास घेत नाही,” बायको म्हणाली.

५

संध्याकाळी तिने पुतणीला आमच्या घरी बोलावून घेतलं.

“विक्रीचा आलेख पुरे. दुकान आणखी काय दाखवतं?”

“वाचलेल्या पानांचा एक असतो. किती पानं उलटली गेली ते कळतं, कोणी उलटली ते नाही. पण विक्रीच शून्य झाल्यावर तो कोण बघतो, मावशी?”

“फडताळ रिकामं दिसलं म्हणजे पुस्तक हरवलं असं होत नाही. कोणीतरी वाचत बसलेलं असतं. उघड.”

पुतणीने उघडला आणि लॅपटॉप आमच्याकडे वळवला. तिथे सपाट रेघ नव्हतीच. टेकड्या होत्या. मनोऱ्यानंतरच्या रविवारी एक छोटी टेकडी. पुढच्या रविवारी तिच्याहून मोठी. गेल्या रविवारी तर डोंगरच. मधले सगळे दिवस जवळपास कोरे.

“हे काय?” पुतणी पुटपुटली. “नवीन कोणी घेतलंच नाही, तर वाचतंय कोण? आणि फक्त रविवारी?”

“मनोराही रविवारचाच,” बायको म्हणाली. “एकाच दिवशी, घोळक्याने. बुडवायला आलेला माणूस पुस्तक विकत घेत नाही, चांगले शेरे देत नाही. हे कोणीतरी प्रेमाने केलंय. पुस्तकांशी संबंध नसलेल्या पुष्कळ लोकांना एका दिवशी घ्यायला लावलंय. प्रश्न एवढाच, की धाकटीवर एवढं प्रेम करणारा आणि पुस्तकवाल्यांपैकी कोणालाच न ओळखणारा माणूस कोण?”

ती माझ्याकडे वळली. इतक्या गोड नजरेने तिने मला शेवटचं कधी पाहिलं होतं, ते आठवायला मला वेळ लागला.

“उद्या दुपारी आपण धाकटीकडे जेवायला जातोय. तुम्ही तुम्हाला जे येतं तेच करायचं.”

“काय?”

“थापा मारायच्या.”

६

शनिवारी दुपारी टेबलाभोवती आम्ही पाच जण होतो. धाकटी, साडू, पुतणी आणि आम्ही दोघं. धाकटी नुसती ताटात बोटं फिरवत होती. मी घसा खाकरला.

“धाकटे, वाचलं हं तुझं पुस्तक! पण खरं सांगू? पहिल्याच पानावर ओळखलं मी. लिफ्टवालाच खुनी!”

धाकटीने तोंड उघडलं. टेबलाखालून बायकोने तिचा पाय दाबला. मला माहीत आहे, कारण आधी चुकून माझा दाबला होता.

“आणि तो खून! काय ती कल्पना! छतातून दोरी सोडतो, गळ्यात अडकवतो आणि झटक्यात…”

“दोरी नाही.”

कोण बोललं ते आधी कोणाला कळलंच नाही. साडूचा घास हातातच राहिला होता.

“काही म्हणालात, साडूबुवा?”

“दोरी नाही. मफलर.” त्याचा आवाज चढला. “तोही मेलेल्याचा स्वतःचा, दारात अडकलेला. आणि लिफ्टवाला पहिल्या पानावर येतोय कुठे? तो येतो ती बाई छत्री विसरते तेव्हा! खुनाच्या वेळी तो गच्चीवर टाकीपाशी असतो, तीन जणांनी पाहिलंय त्याला! अहो, तुम्ही पुस्तक वाचता की नुसता वारा घेता त्याने? इतकं बारीक विणलेलं काम आणि हे म्हणे दोरी!”

माझ्या साडूने लग्नापासून बोललेले सगळे शब्द एकत्र केले तरी एवढे भरले नसते.

धाकटी त्याच्याकडे बघत राहिली. “तुम्ही वाचलंत?”

“हं.”

“कधी? नियम होता ना!”

“नियम विकत घ्यायचा नाही असा होता. वाचायचं नाही असा नव्हता. तू तपासायला छापून आणलेली कच्ची प्रत कपाटावर होती.”

“किती वेळा वाचलीत?”

त्याने ताटाकडे पाहिलं. “मोजलं नाही.”

“आणि तळ्यावरच्या तुमच्या रविवारच्या मंडळात कधी बोललात?” बायकोने शांतपणे विचारलं.

पुतणीने कपाळावर हात मारला. “गळ! काका रविवारी गळ टाकायला जातो! बूट, खुर्ची, गांडुळं… पण मग रांगेत गळाची काठी का नव्हती?”

“काठी हातात तोलून बघावी लागते,” साडू म्हणाला. “ती कोणी इंटरनेटवरून घेत नाही.” मग मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. “घरच्यांनी घ्यायचं नाही. नातेवाइकांनी नाही, शेजाऱ्यांनी नाही. मी यादी मनात फिरवून बघितली. मंडळातले यांतले कोणीच नव्हते. म्हणून एका रविवारी उभा राहिलो आणि बोललो. म्हटलं, माझ्या बायकोने पुस्तक लिहिलंय. असं पुस्तक मी दुसरं पाहिलेलं नाही. सगळ्यांनी तिथल्या तिथे फोन काढले. मला वाटलं, तिला आनंद होईल.”

पुतणीला रागवावं की हसावं ते कळेना. “काका, दुकानाला पुस्तक वाचता येत नाही रे! ते फक्त बघतं, कोण घेतं. तुझ्या मंडळाने घेतलं, म्हणून त्याला वाटलं, हे मासे पकडणाऱ्यांचं पुस्तक. मग त्याने ते जगातल्या सगळ्या मासे पकडणाऱ्यांना दाखवलं. त्यांना गळ हवा होता, लिफ्ट नको होती. कोणी घेतलं नाही. दुकान म्हणालं, चला, हे कोणालाच नको. आणि नेऊन तळघरात टाकलं. खऱ्या वाचकांपुढे ते तीन आठवडे आलंच नाही!”

साडूचा चेहरा पडला. “मी बुडवलं?”

“तीन आठवडे,” धाकटी म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. “तीन आठवडे मी समजत होते, मला लिहिताच येत नाही.”

“असं कोण म्हणतं?” साडू एकदम तडकला. “नाव सांग त्याचं!”

तिला हसूही आलं आणि रडूही. पण मान तिने हलवलीच. “नाही हो. तुम्ही बोललात म्हणून त्यांनी घेतलं. भिडेखातर. खपणं वेगळं आणि वाचणं वेगळं. उद्या मी ते उतरवणारच.”

बायकोने ताटं बाजूला सारून लॅपटॉप मध्ये ठेवला आणि टेकड्यांवर बोट टेकवलं. “भिडेखातर माणूस पैसे देतो, धाकटे. पानं उलटत नाही. उद्या सकाळी बूट घाल.”

७

तळं शहराच्या टोकाला, जुन्या पाणीपुरवठ्याच्या भिंतीमागे आहे. आम्ही पाचही जण पोचलो तेव्हा ऊन नुकतं पाण्यावर उतरलं होतं. काठाने घडीच्या खुर्च्यांची लांबच लांब ओळ. प्रत्येक खुर्चीत एक टोपी, प्रत्येक टोपीखाली एक माणूस, शेजारी थर्मास. काठ्या दगडांत खोचून ठेवलेल्या.

पाण्याकडे कोणीच बघत नव्हतं. सगळ्यांच्या माना खाली होत्या. मला आधी वाटलं, कोणी दगावलंय आणि हे शोक करतायत. मग दिसलं, प्रत्येकाच्या मांडीवर फोन होता, आणि मधूनमधून एक अंगठा पडद्यावर सरकत होता.

पहिल्या खुर्चीतला आडदांड गडी ओठ हलवत वाचत होता. त्याच्यासमोर पाण्यावरचा तरंगतं लाल बूच एकदम बुडालं. काठी वाकली. धाकटीने न राहवून त्याच्या खांद्याला हात लावला.

“अहो, मासा लागलाय!”

“लागू द्या,” तो मान वर न करता म्हणाला. “इथे लिफ्ट अडकलीय.”

धाकटी तिथेच थबकली. पलीकडच्या खुर्चीतला म्हातारा कुजबुजला, “बाई, हळू बोला. आणि तुम्ही वाचलं असलंत तर शेवट सांगू नका. गेल्या रविवारी एकाने सांगायला तोंड उघडलं, आम्ही त्याला पाण्यात ढकलला.”

“पण तुम्ही तर मासे पकडायला येता,” ती म्हणाली.

“मासा काय, पाण्यातच आहे, कुठे जातोय! इथे एका जागी बसून राहायचं असतं बाई, दिवसभर. इतकी वर्षं आम्ही नुसतेच बसत होतो. पहिल्या दिवशी यांच्या शब्दाखातर घेतलं. खोटं कशाला बोलू, शेरासुद्धा न वाचताच दिला. मग एक दिवस मासा लागेना, म्हणून उघडलं.”

आमची बायको माझ्या शेजारी उभी होती. माझं लग्न या बाईशी झालंय, हे त्या क्षणी तळ्यावरच्या प्रत्येकाला सांगत सुटावं, असं मला वाटत होतं. पण तळ्यावर त्या दिवशी बोलायचा मान दुसऱ्याचा होता.

साडू ओळीच्या मध्यभागी जाऊन उभा राहिला. टोपी काढली.

“मंडळी,” तो म्हणाला.

सगळे फोन खाली गेले.

“ही माझी बायको. हे पुस्तक हिने लिहिलंय.”

खुर्च्या मोडल्यासारखा आवाज झाला. सगळे एकदम उठले होते. टोप्या निघाल्या, एकाचा थर्मास कलंडला, दोन काठ्या पाण्यात गेल्या आणि कोणी वाकलंसुद्धा नाही. तो आडदांड गडी फोन छातीशी धरून पुढे आला. “बाई, गोष्टीतला तो म्हातारा खुनी नाही ना? एवढं सांगा. नको, सांगू नका!”

पुतणीने मात्र तिथल्या तिथे कामाला हात घातला. ज्यांचं वाचून संपलंय त्यांनी पॅकिंगबद्दल नाही, आत काय वाचलं त्याबद्दल लिहायचं, असं तिने बजावलं. सम्राटाला तिने सकाळीच फोन केला होता. तो आपल्या वाचकांना पत्र लिहून कळवणार होता, की बूट विसरा, पुस्तक वाचा. दुकानाला शहाणं करायला महिना-दीड महिना लागेल, ती म्हणाली, पण ते शहाणं होतं. माणसांपेक्षा लवकर होतं.

धाकटीचं तिकडे लक्षच नव्हतं. ओळीच्या टोकाला एक कृश गृहस्थ उभे होते, घड्याळं दुरुस्त करणारे. त्यांनी हात वर केला, शाळेत करतात तसा.

“आमच्यातल्या बऱ्याच जणांचं आज संपेल,” ते म्हणाले. “पुढच्या रविवारी आम्ही काय करायचं? आणखी आहे का काही?”

मी धाकटीकडे पाहिलं. बायकोने पाहिलं. साडू पाण्याकडे बघत होता, पण त्याची मान अजिबात हलत नव्हती.

“आहे,” धाकटी म्हणाली. मग घसा साफ करून, लिफ्टच्या खड्ड्यात उभं राहून वरच्या मजल्यावर हाक मारावी तशा आवाजात म्हणाली, “लिहून झालंय. पुढच्या महिन्यात येतंय!”

पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. साडूने टोपी डोक्यावर चढवली आणि ओळीतल्या एकेका तोंडाकडे निरखून बघत गेला, सगळ्यांना नीट ऐकू आलं की नाही ते तपासत.